नावाखाली सावली

'रिफ्लेक्शन' हा शब्द आम्ही डिझाईनवालेच वापरतो. गिऱ्हाईक म्हणतं, "नावाखाली जरा सावली टाक." लोणी भापकरच्या अण्णांनीही तेच सांगितलं. महाशिवरात्रीचा फ्लेक्स होता, मधोमध मोठ्या अक्षरांत 'श्री मल्लिकार्जुन'.

फोटोशॉपमध्ये हे काम डोळे मिटून होतं. कंट्रोल-जे मारून लेयरची कॉपी काढायची, ती फ्लिप व्हर्टिकल करून खाली ओढायची, मास्कवर काळा-पांढरा ग्रेडियंट फिरवायचा, ओपॅसिटी 30 वर आणायची. दोन मिनिटांत झालं. अण्णा स्क्रीनजवळ वाकले. "अक्षरं हवेत का लटकलीत रं?"

खरंच लटकली होती. 'र्जु'चा उकार तेवढा आपल्या उलट्या उकाराला टेकलेला, बाकीच्या अक्षरांखाली बोटभर मोकळी जागा. मी शिकलो ते इंग्रजी लोगो गिरवून. 2006 मध्ये आयट्यून्समध्ये कव्हर फ्लो आला आणि जो तो आपलं नाव चकचकीत काचेवर उभं करायला लागला. त्यांची कॅपिटल अक्षरं सरळ जमिनीवर उभी असतात. आपली शिरोरेषेला टांगलेली, त्यात उकार खाली लोंबतो. संगणक प्रतिबिंब मोजतो ते त्या उकाराच्या टोकापासून.

मागे लावायचा फोटो घ्यायला संध्याकाळी मल्लिकार्जुनाच्या देवळासमोरच्या पुष्करणीवर गेलो. आमचा भाग जिरायती, पाणी तळाला गेलेलं. काठावरचा नक्षीदार खांबांचा मंडप पाण्यात दिसत होता, पण त्या प्रतिबिंबाच्या नि पाण्याच्या कडेच्या मध्ये आधी पायऱ्या उलट्या उतरलेल्या. म्हणजे अंतर इथंही होतंच, फक्त ते रिकामं नव्हतं. पाण्यात उतरलेल्या शेवटच्या पायरीपाशी मात्र दगड आणि प्रतिबिंब यांत फट नव्हती. मी तिथंच बसून राहिलो, फोटो अंधारात आले ते वेगळंच.

रात्री पाण्याची रेषा उकाराखालून उचलून काना-दांड्याच्या तळाशी आणली. उकार पाण्यात बुडालेल्या पायरीसारखा प्रतिबिंबावरच राहू दिला, त्याच्यामागचं प्रतिबिंब मास्कनं थोडं पुसलं, नाहीतर तो वाचताच येईना. फ्लेक्सवर फिकट रंग लांबून दिसत नाही, म्हणून ओपॅसिटी 45 केली.

अण्णा सकाळी आले. "आता बसलं," म्हणाले, आणि खिशातून शुभेच्छुकांच्या फोटोंचं पाकीट काढलं. "हे सगळे बरोब्बर नावाखाली घे."