पाटी काढली, घर उभेच

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चे नियमित साहाय्य थांबवले. त्यानंतर भिलाईच्या सेक्टर 2 मधील एका मराठी घरातल्या विद्यार्थिनीने जुन्या संगणकावर लिनक्स बसवले आणि विंडोजचे पार्टिशन काढून टाकले. आजोबांची पोलाद कारखान्यातली छायाचित्रे त्याच पार्टिशनमध्ये होती, हे तिला रात्री आठवले.

तिने संगणक तत्काळ बंद केला. तेच कामी आले. अशा जुन्या हार्ड डिस्कच्या पहिल्या, 512 बाइटांच्या सेक्टरमध्ये पार्टिशनांची सारणी असते: चार नोंदी, प्रत्येकी 16 बाइटांची. पार्टिशन काढले की केवळ त्याची नोंद पुसली जाते. क्वार्टरची पाटी काढली म्हणून भिंती पडत नाहीत. तसा मजकूरही, त्यावर नवे लेखन होईपर्यंत, तबकडीवर टिकून राहतो. पेनड्राइव्हवरून चालवलेल्या ‘टेस्टडिस्क’ने ती नोंद शोधून पुन्हा लिहिली आणि छायाचित्रे परतली.

मात्र या दिलाशात एक धोकाही दडलेला आहे. संगणक विकताना वा भंगारात देताना पार्टिशन काढणे पुरेसे नाही. संपूर्ण डिस्कवर नवे लेखन करावे लागते. अन्यथा घरातले सारे काही परक्याच्या हाती जाते. आधी प्रत काढावी, मगच पुसावे.