परतीची पावलं

फुलबाजारात उजेड सगळ्यांत आधी येतो.

सूर्याचा नव्हे. सूर्याला अजून वेळ आहे. हा दिव्यांचा उजेड, झेंडूच्या ढिगांवर पडून पिवळाजर्द झालेला, शेवंतीच्या पाट्यांमधून वर झिरपणारा. टेंपो मागे येतो, फाळका खाली पडतो, पोतं पाठीवर चढतं, पावलं चालू लागतात. मार्केट यार्डाला जाग येते. आणि नेमक्या ह्याच वेळी, का कोण जाणे, तुमचं नाव ओठांवर येतं.

वसंतराव.

वसंत रांजणे. पुण्याचे. भारताचे. नवा चेंडू हातात घेऊन सगळ्यांच्या आधी धावत येणारे.

मी तुम्हाला धावताना पाहिलेलं नाही. तुमची धाव संपली त्यानंतरच्या जगात मी वाढलो. तरी न पाहिलेल्या गोष्टीचीही उणीव भासते, आणि ती पाहिलेल्या गोष्टीच्या उणिवेपेक्षा जास्त छळते. पाहिलेलं निदान विसरता येतं.

तुम्ही धावत होता तेव्हा हे यार्ड इथे नव्हतं. भुसार मालाचा व्यापार नाना पेठेत, भवानी पेठेत; भाजीपाला मंडईच्या सावलीत. गुलटेकडी म्हणजे गावाबाहेरचं माळरान. आज जिथे कांद्या-बटाट्याच्या गोण्यांच्या थप्प्या लागतात, तिथे तेव्हा नुसता वारा असेल. तुमच्या धावेच्या काळात यार्ड नाही. यार्डाच्या काळात तुमची धाव नाही. आणि मी इथे, ह्या गलबल्यात उभा राहून, कधीच नसलेल्या पावलांचा आवाज शोधतो आहे.

खडकवासला. १९५६-५७ चा हंगाम.

एकोणीस वर्षांचा मुलगा. महाराष्ट्राकडून पहिलाच रणजी सामना. समोर सौराष्ट्र.

तुम्ही धावत आलात आणि एक गेला, मागे वळून चालत गेलात, पुन्हा धावत आलात आणि आणखी एक गेला, मग लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गेले, आणि प्रत्येक वेळी तीच पावलं, तोच वळसा, तोच श्वास छातीत भरून घेणं, आणि पलीकडे डोंगर तसाच स्तब्ध, आणि नवा फलंदाज आत येतो आहे, जुना खाली मान घालून बाहेर जातो आहे, आणि मध्ये तुम्ही, हातात तो तांबडा गोळा, कुणाला फारसे ठाऊक नसलेले, उद्या सगळ्यांना ठाऊक होणारे. डाव संपला तेव्हा दहांतले नऊ तुमचे होते, अवघ्या ३५ धावांत.

उरलेला एक तेवढा तुमचा नव्हता.

दुसऱ्या डावात आणखी चार. सामन्यात ७१ धावांत १३.

अशी सकाळ ज्याच्या आयुष्यात पहिल्याच दिवशी उगवते, त्याचं पुढे काय होतं? दिवस चढतो. दुसरं काय होणार.

लोक धाव पाहतात. परत जाणं कुणी पाहत नाही.

वेगवान गोलंदाज जेवढा धावत येतो, तेवढंच त्याला मागे चालत जावं लागतं. धाव क्षणांत संपते. परतीची वाट संपता संपत नाही. त्या वाटेवर तो एकटा असतो. पाठ फलंदाजाकडे, पाठ लोकांकडे. अंगठा शिवण चाचपतो. त्या काळी चेंडू ओठांपाशी जायचा, जिभेचा ओलावा घ्यायचा. मग तो मांडीवर घासला जातो, पुन्हा पुन्हा, एकाच जागी, एकाच लयीत. एक बाजू काचेसारखी होते, दुसरी खरबरीत राहते. आणि पांढऱ्या विजारीवर, मांडीपाशी, एक लाल पट्टा उमटत जातो. उपाहारापर्यंत फिकट. चहापानापर्यंत गडद. खेळ संपताना जखमेसारखा. धुऊन आणली विजार, तरी तो पुरता जात नाही. घडी उलगडली की अंधुकसा दिसतोच.

त्या काळच्या छायाचित्रांत तो लाल रंग नाही. सगळं करडं. करडं मैदान, करडं आकाश, करडा चेंडू. तुमच्या साऱ्या दिवसभराच्या घामाची ती एकच निशाणी होती, आणि कॅमेऱ्याला तेवढीच टिपता आली नाही. मला फार लागतं हे.

कानपूर. १२ डिसेंबर १९५८. ग्रीन पार्कची थंडी. समोर वेस्ट इंडिज. वय एकवीस, आणि डोक्यावर भारताची टोपी.

त्या डावात सुभाष गुप्त्यांनी १०२ धावांत ९ बळी घेतले. त्यांचा लेगब्रेक त्या दिवशी कुणाच्या हाती लागणारा नव्हता. फलंदाज येत होते, वाकत होते, जात होते. नऊ.

दहांतला एक उरला. धावफलकाच्या त्या ओळीत लिहिलं आहे: लान्स गिब्ज, त्रिफळा रांजणे.

हा तुमचा कसोटीतला पहिला बळी.

पाहा ना वसंतराव, खडकवासल्याला नऊ तुमचे आणि एक तुमचा नव्हता. कानपूरला नऊ दुसऱ्याचे, आणि एक तुमचा. जणू कुणी मोजून हिशेब पुरा केला. मी हे आकडे शेजारी शेजारी लिहून कितीदा पाहत बसलो आहे. ह्यातून काही निघत नाही. तरी नजर हलत नाही.

गुप्त्यांच्या त्या डावाची कहाणी सांगणारे तुमच्यापाशी येतात आणि हळहळतात. रांजण्यांनी तो एक घेतला नसता तर दहाच्या दहा! हळहळ गुप्त्यांसाठी असते, आणि ती रास्तही आहे. पण एकवीस वर्षांच्या पोराने परदेशी फलंदाजाची यष्टी पहिल्यांदा उडवली, त्या क्षणी त्याच्या छातीत काय उसळलं असेल, त्याची आठवण कुणी काढत नाही. आणि तो गिब्ज काही ऐरागैरा नव्हता. पुढे फिरकी टाकून ३०९ कसोटी बळी घेणारा तो माणूस.

चाळीस वर्षांनी दिल्लीत, ७ फेब्रुवारी १९९९ रोजी, अनिल कुंबळेने डावातले दहाही बळी घेतले. नऊ झाले होते तेव्हा दुसऱ्या टोकाकडून जवागल श्रीनाथ चेंडू यष्ट्यांच्या बाहेर टाकत राहिला, दहावा मित्राच्या वाट्याला यावा म्हणून. मोठं मन लागतं त्याला. पण मला विचाराल तर तुमचा तो सरळ चेंडू मला अधिक जवळचा. यष्ट्या दिसताहेत, चेंडू हातात आहे, पाय पळताहेत. बाकी कशाचा विचार त्या वयाने का करावा?

त्या दिवसांत आपल्या संघात वेगवान गोलंदाजाच्या वाट्याला थोडं यायचं. नव्या चेंडूची चकाकी उतरवायची, आणि तो फिरकीच्या बोटांत द्यायचा. खेळ नंतर सुरू व्हायचा, तुमची षटकं संपल्यावर.

इथे यार्डात रोज पाहतो. हमाल पोतं पाठीवरून गाळ्यापर्यंत आणतो, ठेवतो, बाजूला होतो. भाव नंतर पुकारला जातो, तोल नंतर होतो, हिशेबाची पट्टी नंतर लिहिली जाते. पाठ मात्र आधी वाकलेली असते. वसंतराव, तुमची पाठ अशी आधी वाकलेली होती. तुम्ही उतरवलेल्या चकाकीवर दुसऱ्यांचे चेंडू वळले.

मग इंग्लंडविरुद्धची १९६१-६२ ची मालिका, भारताने इंग्लंडला पहिल्यांदा मालिकेत नमवलं ती. त्यात तुम्ही होता. मग लगेच वेस्ट इंडिजचा दौरा. बार्बाडोसला नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चेंडू आदळला तो दौरा, पाचच्या पाच कसोट्या हरलेला. त्यातही तुम्ही होता. समोर वेगाचा काळा वादळी ढग, आणि आपल्याकडून त्याला उत्तर द्यायला रमाकांत देसाई, आणि तुम्ही. शरीर केवढंसं, आणि उत्तर केवढ्याला द्यायचं!

१९६४. कसोटी खेळणं थांबलं.

का थांबलं, ते मला नको आहे. कारणं कळली तरी पावलं परत येत नाहीत.

सात कसोट्या. एकोणीस बळी. डावातली सर्वोत्तम कामगिरी ७२ धावांत ४. हे एवढं उच्चारायला एक श्वास पुरतो.

हे शहर फलंदाजांचं. बी. बी. निंबाळकर पुण्यात नाबाद ४४३ धावा करून उभे होते, १९४८ साली, ती धावसंख्या इथल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. प्राध्यापक देवधरांचं नाव आदराने घेतलं जातं. चंदू बोर्डे आपले, हे सांगताना गळा भरून येतो. यायलाच हवा. फलंदाज मैदानाच्या मधोमध उभा राहतो, आणि सगळा उजेड त्याच्यावर पडतो. गोलंदाज त्या उजेडातून आत-बाहेर करत राहतो.

आणि तुमच्यामागून आलेले? यार्डातून निघून स्वारगेटच्या अंगाला नेहरू स्टेडियम लागतं. तिथल्या मातीत पांडुरंग साळगावकर धावले. कोकणातून आलेला धिप्पाड देह, आणि त्या देहातून सुटणारा तो वेग, ज्याची आठवण काढताना जाणती माणसं आजही आवाज खाली आणतात. प्रथम श्रेणीचे ६३ सामने. २१४ बळी. एकही कसोटी नाही.

मग सोलापूरचा सलील अंकोला. त्यानेही महाराष्ट्राकडून पहिल्याच सामन्यात हॅटट्रिक घेतली, तुमच्यासारखीच. मग १५ नोव्हेंबर १९८९, कराची, त्याची पहिली कसोटी. त्याच सामन्यात सोळा वर्षांचा सचिन तेंडुलकर पहिल्यांदा भारताकडून खेळला. एकाची ती सुरुवात होती, संपता न संपणारी. दुसऱ्याची तीच पहिली आणि तीच शेवटची कसोटी.

सात. शून्य. एक.

ह्या तीन आकड्यांत केवढी पहाट मावली आहे. किती कोवळे खांदे. किती आयांनी भल्या सकाळी डबे भरून दिले असतील, किती सायकली ह्या शहराच्या धुक्यातून मैदानांकडे गेल्या असतील, किती टाचांनी एकाच जागी माती उकरून खळगा केला असेल, आणि संध्याकाळी माळ्याने पाणी मारून, धुम्मस ठोकून तो खळगा बुजवला असेल, कारण उद्या तिथे दुसरं कुणी धावणार असतं, आणि खेळपट्टीला कुणाचीही खूण अंगावर ठेवून घ्यायची नसते. नेहरू स्टेडियमवरचे मोठे सामनेही आता गेले. २००५ नंतर भारत तिथे खेळला नाही. आता दिव्यांचे मनोरे गहुंज्याला, महामार्गाकडेला उजळतात. जुन्या मैदानावर दुपारचं ऊन तेवढं अजून वेळेवर येतं.

तुम्ही गेलात २२ डिसेंबर २०११ रोजी. इथेच, पुण्यात. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी.

२२ डिसेंबर. वर्षातला सगळ्यांत लहान दिवस. उजेडाने त्या दिवशी जणू लवकर धाव आवरती घेतली.

डिसेंबरात यार्ड भरून वाहत असतं. मटारची पोती, पावट्याचा वास, हरभऱ्याच्या हिरव्यागार गड्ड्या, महाबळेश्वराहून आलेली स्ट्रॉबेरी. त्याही पहाटे भाव पुकारले गेले असतील. तोलाई झाली असेल, चहाच्या टपरीवर वाफ चढली असेल. कुणाच्या हातातलं पोतं खाली राहिलं नसेल. मी त्याबद्दल यार्डावर रागावत नाही. पोट थांबत नसतं. पण पेठांपेठांतून पसरलेल्या ह्या शहराने, ज्याला क्रिकेटचं इतकं वेड आहे, त्या दिवशी क्षणभर तरी मान वळवून पाहायला हवं होतं असं मला वाटतं, आणि दर हिवाळ्यात वाटतं.

तुम्ही मागे चालत गेलात, वसंतराव. शिवण चाचपत. पाठ आमच्याकडे. आम्ही इकडे पवित्रा घेऊन उभे. मैदान गप्प. यष्टिरक्षक वाकलेला.

तुम्ही वळत नाही.

आता जे हे वाचत आहेत त्यांना एक मागणं आहे. तुमच्या घरात, वाड्यात, सोसायटीत कुणी ऐंशीच्या पुढचं माणूस असेल, क्रिकेटचं वेड असलेलं, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. टीव्हीचा आवाज बंद करा. विचारा, रांजणे कसे धावायचे? किती पावलांची धाव होती? चेंडू सोडताना डोकं कुठे झुकायचं? बळी मिळाल्यावर ते हसायचे की नुसतेच मागे वळायचे? जे सांगतील ते वहीत उतरवा, अर्धंमुर्धं असलं तरी. आकडे पुस्तकांत आहेत, ते कुठे जात नाहीत. धाव मात्र ह्या माणसांच्या डोळ्यांतच उरली आहे, आणि ही माणसं दर वर्षी कमी होत आहेत. लवकर विचारा.