वाट सातबाऱ्यावर नसते

आमच्या घरात 'कोकणात जाणं' आणि 'कोकण पाहणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाणं आयुष्यभर घडलं. कधी शादी, कधी मय्यत, कधी मे महिन्याची सुट्टी. रात्री एस.टी.त बसायचं, पहाटे चिपळूणला उतरायचं आणि गाव गाठायचं. पाहणं मात्र राहूनच गेलं होतं. म्हणून 2022 च्या डिसेंबरात आम्ही दोघे भाऊ, बहीण, बायकामुलं आणि ऐंशी ओलांडलेली अम्मी, असे दोन गाड्या करून मुंब्र्याहून निघालो. अलिबागवरून किनाऱ्याकिनाऱ्याने दाभोळपर्यंत जायचं, वाटेत मुक्काम करायचे असं ठरलं.

मुलांना सांगितलं, फिरायला चाललो. अम्मीलाही तेच सांगितलं. खरं कारण एका फाइलमध्ये होतं. गावचं घर आणि बारा गुंठ्यांचं आवार विकण्याचा कागद तयार होता. आम्हा भावंडांची तयारी होती, कुवेतच्या धाकट्याची तर घाई होती. सातबाऱ्यावर पहिलं नाव अम्मीचं होतं आणि तिची सही राहिली होती.

मुरूडच्या पुढे राजपुरीहून जंजिरा दिसला. धाकट्या पोराने विचारलं, "हा आपला होता का?" थोरले भाईजान म्हणाले, "सिद्दींचा. 1948 साली संस्थान विलीन झालं." मागच्या सीटवरून अम्मी म्हणाली, "किल्ले राजांचे. आपला पडाव होता." तिचे वालिद पडावातून कौलं आणि लाकूड नेत-आणत, हे मुलांना त्या दिवशी प्रथम कळलं.

आगरदांड्याला गाड्या बोटीत चढल्या आणि अम्मीची जीभ मोकळी झाली. लग्नानंतर ती मुंबईला आली ती आगबोटीने. आधी लाँचने खाडीतून दाभोळ, तिथून आगबोटीने भाऊचा धक्का. पावसाळ्यात आगबोट बंद. माहेरचा निरोप यायचा तोही उशिराच. "तुम्हाला हा समुद्र देखावा वाटतो," ती म्हणाली, "आमचा तो रस्ता होता."

दिवेआगर-श्रीवर्धनला मुलं वाळूत खेळली. आम्ही मात्र सुपारीच्या वाड्या पाहत उभे राहिलो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने हा पट्टा झोडपला होता. उभ्या बागा आडव्या झाल्या होत्या. आता मोकळ्या जागी कमरेएवढी रोपं दिसत होती. ज्याच्याकडे उतरलो त्या बागाईतदाराने सांगितलं, "फळ यायला वर्षं जातील. पण लावायला तर हवं."

बागमांडल्याला पुन्हा बोट. सावित्रीच्या मुखाशी अर्धवट पुलाचे खांब पाण्यात उभे होते. रेवस ते रेडी या सागरी महामार्गाचं स्वप्न बॅरिस्टर अंतुल्यांचं. 1980 ते 1982 या काळात ते मुख्यमंत्री होते. याच सावित्रीकाठचं आंबेत हे त्यांचं गाव. आमच्या वालिदांना त्यांचा फार अभिमान होता. "पूल झाला की आपली गावं एका दोरीत येतील," असं ते म्हणत. पूल होण्याआधी वालिदच गेले.

केळशीला याकूबबाबांच्या दर्ग्यावर थांबलो. शिवाजी महाराजांनी या दर्ग्याला इनाम दिलं होतं. अम्मीने फातिहा पढली. शेजारी हिरव्या लुगड्यातली एक बाई नारळ घेऊन बसली होती. दोघींची ओळख नव्हती, पण सांधेदुखीपासून सुनांपर्यंत सगळं बोलणं झालं. अम्मी तिच्याशी बोलली ती आपल्या खाडीकाठच्या बोलीत. घरी आमच्याशी ती आता उर्दूमिश्रित बोलते. ही बोली आमच्या मुलांच्या कानाला परकी झालेली. ती नुसती पाहत राहिली.

दाभोळला दगडी मशिदीत जोहरची नमाज पढलो. विजापूरची एक शहजादी हजला निघाली होती, ती इथे अडकली आणि तिने सफरीचा पैसा या मशिदीवर खर्च केला, असं लोक सांगतात. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी मायदेशी परतताना याच बंदरातून जहाजात बसला. एवढं मोठं बंदर, आणि आज आम्ही तिथे धोपाव्याच्या बोटीची वाट पाहत चहा पीत होतो.

गावात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. जांभ्या दगडाचं घर, दाराला गंजलेलं कुलूप, पडवीवरची चार कौलं सरकलेली. वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, "कवा आयलाव? बरा हाय ना?" अम्मी त्याला उत्तर द्यायची थांबली, कारण आवारात चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या तिला दिसल्या. गिऱ्हाइकाने कुंपणाची भिंत आखून ठेवली होती.

भाईजान चाचरत सांगू लागले. अम्मीने हातानेच थांबवलं. "मुंब्र्यातच कळलं होतं. फिरायला जाणाऱ्या बाईला आधारकार्ड आणि दोन फोटो कशाला लागतात?"

आम्ही खाली माना घातल्या. ती रागावली नाही. पायरीवर बसून म्हणाली, "घर विका. मी कुठे इथे राहायला येणार? पण ही वाट कुठे गेली?"

आमच्या आवारातून एक पायवाट जाते. वर कबरस्तानाकडे चढते, खाली विहिरीकडे उतरते. कुणबीवाडीच्या बाया त्या विहिरीवर येतात. नळ आहे, पण एप्रिलमध्ये आटतो, विहीर आटत नाही. वालिदांचा जनाजा याच वाटेने वर गेला होता. सातबाऱ्यावर या वाटेचा उल्लेख नाही. कुणी कधी लिहिला नाही, कारण कधी गरज पडली नव्हती. चुन्याची रेघ तिला मधोमध कापत होती.

गिऱ्हाइकाला फोन केला. वाट ठेवायची असेल तर व्यवहार नको, असं त्याने स्पष्ट सांगितलं. त्याला निवांत रिसॉर्ट हवं होतं, दारातून जनाजे जाणारं नव्हे. कुवेतचा धाकटा फोनवर चिडला. मुलीचा कॉलेजचा प्रवेश त्या पैशांवर अवलंबून होता. त्याचंही चुकत नव्हतं. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात आम्ही मोठ्या आवाजात भांडलो. मुलं पडवीत झोपेचं सोंग घेऊन पडली होती.

दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रार कचेरीत न जाता परतलो. पुढे कित्येक महिने धाकटा बोलला नाही. शेवटी मुलीच्या फीसाठी बहिणीने बांगड्या मोडल्या, आम्ही भर घातली, तेव्हा कुठे फोन सुरू झाले. आता सगळ्यांच्या संमतीने ठरलं आहे, आधी वाटेचा दस्त नोंदवायचा आणि मगच घराचं पाहायचं. भाव कमी येईल, हे सगळ्यांना मान्य आहे.

त्यासाठी पुन्हा गावी गेलो. मोजणीदाराने टेप सोडत विचारलं, "वाटेची रुंदी किती धरू?"

अम्मी म्हणाली, "जनाजा मधोमध आणि दोन्ही बाजूंना खांदा देणारी माणसं चालतील एवढी."

त्याने कागदावर आठ फूट लिहिलं.