फाउस्टचा सौदा आणि संगीतकारांचा वाटा

लाइपझिगच्या मध्यवस्तीतल्या मेडलर पासाज या जुन्या बाजारपेठेत शिरले की जिन्याशी ब्राँझचे दोन पुतळासमूह उभे दिसतात. एकात फाउस्ट आणि त्याला मोहात पाडणारा मेफिस्टोफेलिस, दुसऱ्यात जादूने भांबावलेले विद्यार्थी. फाउस्टच्या बुटाला हात लावला की नशीब उघडते अशी समजूत असल्यामुळे येणारे-जाणारे तो घासत राहतात. सगळा पुतळा काळवंडलेला आणि बूट तेवढा सोन्यासारखा लखलखीत! तिथून पायऱ्या उतरल्या की आउअरबाखचे तळघर. 1525 सालापासून नावाजलेल्या या मद्यगृहातून फाउस्ट दारूच्या पिंपावर स्वार होऊन बाहेर पडला, असे दंतकथा सांगते. 1625 साली रंगवलेली त्या करामतीची चित्रे तळघराने आजही जपली आहेत.

फाउस्ट नावाचा एक भटका ज्योतिषी आणि जादूगार सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत खरोखरच वावरत होता. त्याच्या मृत्यूनंतर अफवा वाढल्या. 1587 साली फ्रँकफुर्टच्या योहान श्पीस या मुद्रकाने त्या पुस्तकरूपाने छापल्या: ज्ञान आणि सुखासाठी फाउस्ट 24 वर्षांच्या बोलीवर सैतानाला आत्मा विकतो आणि मुदत संपताच नरकात जातो. पुढे कठपुतळीवाल्यांनी ही गोष्ट गावोगाव नेली.

योहान वोल्फगांग गटे 1765 ते 1768 या काळात लाइपझिगला शिकत होता. या तळघरातही तो येई. कालिदासाच्या ‘शाकुंतल’वर लुब्ध झालेला गटे मराठी वाचकाला ठाऊक असतो. त्याच्या ‘फाउस्ट’च्या आरंभीचा नाट्यगृहातला प्रवेश संस्कृत नाटकातल्या सूत्रधारावरून सुचला, असे अनेक अभ्यासक मानतात. 1808 साली नाटकाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. त्यात हे तळघर होते, आणि जुन्या पुस्तकात नसलेली ग्रेटशन ही साधीसुधी, फसवली गेलेली मुलगीही होती.

संगीतकारांना पंडित फाउस्टपेक्षा ही मुलगी आणि तो सैतान अधिक भावले. 1814 साली व्हिएन्नात 17 वर्षांच्या फ्रान्झ शूबर्टने चरख्याशी बसलेल्या ग्रेटशनचे गाणे रचले. पियानोवर उजवा हात चाकासारखा गरगर फिरत राहतो. प्रियकराच्या चुंबनाची आठवण येताच चाक थबकते, मग अडखळत पुन्हा फिरू लागते.

सैतानाचे गाणे नाटकातल्या आउअरबाखच्या तळघरातले. राजाने लाडावलेल्या पिसवेची ही गोष्ट: तिला रेशमी कपडे मिळतात, दरबारी खाजवून हैराण होतात, पण तिला चिरडायची कोणाची छाती होत नाही. त्याला बेटहोव्हेनने चाल लावली आणि 1879 साली रशियात मुसोर्ग्स्कीनेही. मुसोर्ग्स्कीच्या गाण्यात सैतान मध्येमध्ये खदाखदा हसतो.

फ्रान्समध्ये कथेला वेगळीच वळणे मिळाली. तरुण बर्लिओझने 1829 साली आपले ‘आठ प्रवेश’ छापून गटेकडे पाठवले. गटेने ते झेल्टर या आपल्या संगीतकार मित्राला दाखवले. त्याने नाक मुरडले. 1846 साली ‘द डॅम्नेशन ऑफ फाउस्ट’ पॅरिसमध्ये सादर झाले तेव्हा अर्धे नाट्यगृह रिकामे होते आणि बर्लिओझ कर्जात बुडाला. त्यात फाउस्ट चक्क हंगेरीत पोहोचतो, कारण बर्लिओझला आपली राकोत्सी मार्च ही हंगेरियन कूच त्यात घ्यायची होती! 1859 साली शार्ल गुनोने आपल्या ऑपेरात प्रेमकथा तेवढी उचलली. तो जगभर गाजला; 1883 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा पडदा त्याच प्रयोगाने उघडला. जर्मनांना मात्र हा गटे पटेना. तिथल्या रंगमंचावर हाच ऑपेरा ‘मार्गारेटे’ म्हणून लागत असे.

लाइपझिगहून रेल्वेने तासाभरात वायमार येते. गटेने आयुष्याचा मोठा काळ इथे काढला आणि 1832 साली इथेच देह ठेवला. ‘फाउस्ट’चा दुसरा भाग त्यानंतर छापला गेला. नाट्यगृहासमोर गटे आणि शिलर यांचा जोडपुतळा आहे. सप्टेंबर 1857 मध्ये त्याच्या अनावरणाच्या सोहळ्यात फ्रान्झ लिस्टने आपली ‘फाउस्ट सिंफनी’ पहिल्यांदा ऐकवली. तिचे तीन भाग म्हणजे फाउस्ट, ग्रेटशन आणि मेफिस्टो यांची तीन व्यक्तिचित्रे. मेफिस्टोकडे स्वतःचे म्हणावे असे फारसे काही नाही. तो फाउस्टचेच सूर उचलून, वेडेवाकडे करून त्यांची टर उडवतो. ग्रेटशनच्या सुरांना मात्र त्याचा हात पोहोचत नाही.

गटेने फाउस्टला अखेर नरकापासून वाचवले. तो शेवट सुरांत बांधायला शूमानने 1844 सालीच घेतला होता; प्रारंभिका मात्र त्याने सर्वांत शेवटी, 1853 साली लिहिली. माहलरने आपल्या आठव्या सिंफनीचा उत्तरार्ध त्याच प्रवेशावर उभा केला; 1910 साली म्युनिकमध्ये ती पहिल्यांदा सादर झाली, तेव्हा मंचावर हजाराहून अधिक गायक-वादक होते.

जर्मनीच्या नैऋत्य टोकाला, ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी श्टाउफेन हे लहानसे गाव आहे. तिथे मात्र ही सुटका कोणी मानत नाही. बाड क्रोत्सिंगेनहून छोटी गाडी तिथे जाते. चौकातल्या ‘लोवेन’ या खानावळीच्या भिंतीवर लिहिले आहे की 1539 साली इथेच सैतानाने फाउस्टची मान मोडली. विसाव्या शतकातले संगीतकारही गटेला वळसा घालून या जुन्या कथेकडे परतले. बुसोनीने कठपुतळीचा खेळ आधाराला घेतला. त्याच्या मृत्यूमुळे अपुरा राहिलेला ऑपेरा शिष्य फिलिप यार्नाखने पुरा केला आणि 1925 साली ड्रेस्डेनमध्ये तो रंगमंचावर आला.

आल्फ्रेड श्निट्केने तर थेट 1587च्या पुस्तकालाच हात घातला. फाउस्टच्या खोलीत सकाळी सापडलेल्या रक्ताचे, भिंतीला चिकटलेल्या मेंदूचे वर्णन त्याने 1983 साली व्हिएन्नात एका गायिकेच्या तोंडी घातले, आणि तेही टँगोच्या ठेक्यावर. बारा वर्षांनी हाम्बुर्गला त्याचा पूर्ण ऑपेरा झाला. शेवटच्या अंकात तोच टँगो होता.