हाडांचं इंजेक्शन आणि तीन रात्रींचा दुविहार



डेक्सा तपासणीत माझा टी-स्कोअर उणे २.९ आला. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. मी बी.कॉम., म्हणून डॉक्टरांनी हिशेबातच सांगितलं: पाळी गेल्यावर हाडांच्या खात्यात जमा कमी, खर्च जास्त. झोलेड्रॉनिक ॲसिड तो खर्च आवरतं. वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅम, सलाईनसारखं शिरेतून, निदान १५ मिनिटं.

आधी रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन तपासलं, दात दाखवले. डॉक्टर म्हणाले, "पाणी भरपूर प्या. पहिले तीन दिवस ताप येऊ शकतो."

माझा जीव तिथेच अडकला. इतक्या वर्षांचा चौविहार! साध्वीजींना विचारलं. त्या म्हणाल्या, तेवढे दिवस दुविहार घ्या, रात्री पाणी आणि औषध मोकळं.

नारायणगडहून बीडला जाऊन सकाळी इंजेक्शन घेतलं. रात्री हुडहुडी भरून ताप आला, अंग असं ठणकलं की कूस बदलवेना. उकळून गार केलेलं पाणी आणि पॅरासिटामॉल उशाशीच होतं. घेताना मनात किंतु नव्हता. चौथ्या दिवशी सामायिकाला बसले, संध्याकाळी पुन्हा चौविहार. कॅल्शियमची गोळी दिवसा चालूच आहे.

तुम्हाला हे इंजेक्शन सांगितलं तर पर्युषण, ओळी, उपवास सोडून तारीख घ्या. नियमाच्या काळजीने उपचार मात्र टाळू नका. खुबा मोडला तर प्रतिक्रमणाला उभं कसं राहणार?