टाच, बोट, टाच, बोट

ईस्टरच्या सुट्टीत मेलबर्नबाहेर तंबू ठोकला होता. कॅम्पसाइटशेजारी, मेंढ्यांची लोकर कातरायच्या जुन्या शेडमध्ये रात्री ‘बुश डान्स’ होता. मी आपली भिंतीला खुर्ची लावून बसले. शाळेत गॅदरिंगचे नाच बसवायचे मी. स्वतः नाचले ते शेवटचं मंगळागौरीत.

अकॉर्डियन, फिडल, आणि एक आजोबा लेगरफोन आपटत होते. म्हणजे काठीला ठोकलेली बिअरच्या बाटल्यांची बुचं! आवाज थेट लेझीमचा. मग कसली बसतेय मी?

‘हील अँड टो पोल्का’ सुरू झाला. कॉलर माइकवरून पुढची हालचाल ओरडून सांगतो, म्हणून नवख्यांचंही निभावतं. टाच, बोट, टाच, बोट, आडवी धाव. तीन टाळ्या उजव्या हाताच्या, तीन डाव्या, तीन दोन्ही हातांच्या, तीन मांड्यांवर. कोपरात कोपर घालून गिरकी, की पुढचा जोडीदार. मी चुकले तर सात-आठ वर्षांची एक चिमुरडी मला दटावते, “अदर हँड!” अगदी माझ्याच वर्गातल्या सुरात.

पुढे एक आजी आल्या. खरबरीत, ऊबदार हात. चार वर्षांत इथे घरच्यांखेरीज कुणी माझे हात असे घट्ट धरलेच नव्हते, हे तेव्हा जाणवलं. घसा दाटला, पण पोल्का थोडाच थांबतो!

मध्यंतरात त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे काय नाचतात?” मी हातांची अढी घालून फुगडी दाखवली. चौथ्या गिरकीला आम्ही दोघी गवताच्या गठ्ठ्यावर. आजी हसत म्हणाल्या, “अगेन!”