दिव्यातले तेल

शुभवर्तमानातील दहा कुमारींचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शहाण्या कुमारींनी दिव्यांबरोबर तेल घेतले; मूर्ख कुमारींनी ते घेतले नाही आणि ऐन वेळी त्यांना तेल विकणाऱ्यांकडे धावावे लागले. प्रवचनातून या दृष्टान्ताचा अर्थ जागृतीचा व सिद्धतेचा सांगितला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु विजेचे बिल हाती आले की अलीकडे माझ्या मनात त्याच दृष्टान्ताच्या अनुषंगाने एक निराळा प्रश्न उभा राहतो. तेल आहे की नाही एवढे पाहून भागेल काय? ते कोठून आले आणि त्यासाठी कोणाच्या डोळ्यांत धूर गेला, हे कोणी विचारायचे?

पूर्वी कोकणपट्टीत उंडीच्या तेलावर दिवे जळत. बिया कोणी वेचल्या, घाणा कोणाचा, हे घरच्यांना ठाऊक असे. पुढे घासलेट आले आणि त्यानंतर वीज. विजेला वास नाही, रंग नाही, गाव नाही. बटण दाबले की उजेड आणि महिन्याअखेर बिलाचा कागद, एवढाच तिचा आणि आपला परिचय.

पण विजेलाही गाव असते. वांद्र्यापासून भाईंदरपर्यंतच्या आम्हा उपनगरवासीयांच्या घरांत, शाळांत आणि चर्चमध्ये वर्षानुवर्षे जो उजेड पडला, त्यातला मोठा वाटा डहाणूच्या औष्णिक केंद्रातून आला. हे ५०० मेगावॅटचे केंद्र १९९५ साली सुरू झाले, दगडी कोळशावर. ज्या डहाणू तालुक्याला केंद्र सरकारने १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून घोषित केले, चिकूच्या वाड्या आणि वारली बांधवांचे पाडे हे ज्याचे वैभव, त्याच तालुक्यात ते उभे राहिले. धुरातील गंधक रोखणारी यंत्रणा तेथे बसली ती २००७ साली. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने त्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला होता. म्हणजे बारा वर्षे उजेड आमच्या अंगणात आणि गंधकाचा धूर त्यांच्या. ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर शोधताना आमची नजर डहाणूपर्यंत जायला हवी, असे मला वाटते.

यावर सामान्य कुटुंबाने करावे तरी काय? भाजी निवडून घेता येते, वीज कशी निवडणार? जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागातील शोनाऊ या अडीच हजार वस्तीच्या गावाने याचे उत्तर दिले आहे. १९८६ साली चेर्नोबिलची दुर्घटना घडली. आपल्या मुलांच्या काळजीने तेथील काही आईवडील एकत्र आले. त्यांनी आधी घरोघरी वीज वाचवण्याच्या स्पर्धा घेतल्या. वीज पुरवणाऱ्या कंपनीला त्यात रस नव्हता, तेव्हा गावातील तारांचे जाळेच विकत घेण्याचा विचार पुढे आला. १९९१ आणि १९९६ अशी दोनदा गावात मते घेतली गेली आणि दोन्ही वेळा कौल त्यांच्या बाजूने पडला, तोही थोडक्या फरकाने. कंपनीने जाळ्याची किंमत ८७ लाख मार्क सांगितली. देशभरातून देणग्या आल्या आणि १९९७ साली जाळे गावाच्या हाती आले. या चळवळीच्या एक प्रवर्तक ऊर्सुला स्लाडेक यांना २०११ साली गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, तेव्हा या लहानशा गावाच्या सहकारी संस्थेकडून वीज घेणाऱ्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली होती. त्या एक लाख ग्राहकांपैकी बहुतेकांनी शोनाऊ कधी पाहिलेही नसेल. त्यांनी फक्त शब्द दिला : आम्ही तुमचीच वीज घेऊ.

आपल्याला तारा विकत घेण्याची गरज नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०२१ साली ग्राहकांना हरित विजेचा पर्याय दिला. नेहमीच्या दरावर युनिटमागे ६६ पैसे अधिक, असा तेव्हा ठरलेला आकार होता. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराला त्या आकाराने १३२ रुपये अधिक पडले असते. येथे कोणी विचारील : तारेतून येणारी वीज तर सगळी एकच, मग माझ्या घरी सूर्याची आणि शेजारी कोळशाची असे कसे? खरे आहे, तारेत वीज वेगळी होत नाही. वेगळा होतो तो हिशेब. आपण जेवढे युनिट मागितले, तेवढी वीज सूर्य, वारा यांसारख्या स्रोतांतून घेतल्याचे कंपनीला दाखवावे लागते.

तरीही एक प्रश्न उरतो. ठरावीक प्रमाणात अशी वीज घेण्याचे कायद्याचे बंधन कंपन्यांवर आधीपासूनच आहे. आमच्या जादा पैशांतून त्याहून अधिक वीज घेतली गेली, की आधीचीच आमच्या नावावर लिहिली गेली? हा प्रश्न एकट्या ग्राहकाने खिडकीवर विचारला तर उत्तर मिळण्याची आशा थोडी. पण ५०० कुटुंबांच्या धर्मग्रामाने मिळून विचारला तर? घरटी २०० युनिट धरले तरी तो महिन्याला एक लाख युनिटांचा ग्राहक झाला. अशा ग्राहकाला साहेब बसायला खुर्ची देतात. म्हणून मी या निर्णयाला घरापुरता निर्णय मानीत नाही. तो समूहाने करावयाचा करार आहे.

आपल्या समाजाला ही रीत नवी नाही. १९१८ साली वसईच्या कॅथलिकांनी पतपेढी उभारली, तीच पुढे बसीन कॅथलिक बँक झाली. एकेकट्याच्या चार आण्यांना किंमत नव्हती, एकत्र आल्यावर त्यांना पत आली.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात अशाच स्थानिक ऊर्जा सहकारी संस्थांचा गौरवाने उल्लेख केला आहे. व्हॅटिकनमधील पोप पॉल सहावे सभागृहाच्या छपरावर २००८ साली, बेनेडिक्ट सोळावे यांच्या काळात, सौर तावदाने बसली. छप्पर ज्यांचे आहे त्यांनी तसे जरूर करावे. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरले. पण चाळीतल्या, सदनिकेतल्या आणि भाड्याच्या खोलीतल्या कुटुंबाला छप्पर कुठले? त्याच्या हाती खरेदीचा शब्दच आहे.

ज्या घरात महिनाअखेर जड जाते, तेथे हा भार कोणी टाकू नये. ज्यांच्या घरी दोन वातानुकूलन यंत्रे आहेत, त्यांनी पुढे व्हावे आणि सर्वांत आधी चर्च, शाळा व सभागृह यांची बिले तपासावीत. येत्या सप्टेंबरात सृष्टीच्या काळानिमित्त लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठका होतील. जपमाळ झाल्यावर प्रत्येकाने आपले बिल समोर ठेवावे, युनिटांची बेरीज करावी आणि तो आकडा धर्मग्राम परिषदेकडे द्यावा. वीज कंपनीला लिहावयाच्या पत्राची सुरुवात त्या आकड्यानेच होईल.